सैन्यातून परतलेला भाऊ पूर्वीसारखा का राहिला नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वयाच्या 19 व्या वर्षी सैन्यात दाखल झाला आणि 17 वर्षांची सेवा करून आठ महिन्यांपूर्वी कायमचा घरी आला. लहानपणी घरातला सर्वांत बडबड्या तोच होता. आता तो मोजकेच बोलतो. जेवताना भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसतो. एकदा पाहुण्यांना ती जागा दिली, तर तो उभ्यानेच जेवला. माझा 14 वर्षांचा मुलगा पाच मिनिटे उशिरा आला म्हणून त्याला चारचौघांत इतके कठोर बोलला की मुलगा आता मामाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी घरात बोलणे चालले असताना त्याने "काय ठरले, कोण करणार, कधी करणार" एवढेच विचारले आणि आम्ही "बघू" म्हणताच तो उठून गेला. चार माणसे जमली की तो कोपऱ्यात गप्प बसतो. कोणी युद्धाच्या आवेशपूर्ण गप्पा मारल्या तरी चिडतो आणि सैन्याला नावे ठेवली तरी चिडतो. बाबा गेले तेव्हा तो पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. त्याविषयी त्याने आजवर एक शब्द काढलेला नाही. मागच्या महिन्यात मात्र त्याचे दोन जुने सोबती आले आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून त्याचे हसणे ऐकू येत होते. त्या रात्री मला आनंद झाला की मत्सर वाटला, हे मला सांगता येत नाही. सैन्याने माझा भाऊ आमच्यापासून हिरावून घेतला का? तो पूर्वीसारखा व्हावा यासाठी मी काय करू?

— एक बहीण

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. तो पूर्वीसारखा होणार नाही, आणि त्याला पूर्वीसारखा करण्याचा प्रयत्न तुम्ही करू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. 19 व्या वर्षी घरातून गेलेला मुलगा सैन्यात गेला नसता तरी 36 व्या वर्षी तसाच राहिला नसता. फक्त तो रोज डोळ्यांसमोर बदलला असता, म्हणून त्या बदलाचा धक्का तुम्हाला बसला नसता. तुम्ही त्याला या 17 वर्षांत बहुतेक रजेवरच पाहिले. रजेच्या थोड्या दिवसांत घरही आपल्या अडचणी झाकून ठेवते आणि आलेला माणूसही आपला थकवा दाखवत नाही, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची जुनीच ओळख पुरते. ती ओळख आता पुरत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. भाऊ हिरावला गेला असा नाही.

सैन्याने त्याला बदलले की तो मुळातच तसा होता, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे संशोधकांनाही पडला आहे. जर्मनीत सक्तीची सेवा होती तेव्हा तरुणांना लष्कराऐवजी नागरी सेवेचा पर्याय घेता येत असे. अशा दोन्ही प्रकारच्या तरुणांची तुलना करणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लष्कराकडे वळणाऱ्यांच्या स्वभावात जाण्यापूर्वीच काही फरक होते, हे त्यात आढळले; आणि प्रशिक्षणानंतर, इतरांशी जुळवून घेण्याचा जो मऊपणा वयाबरोबर वाढत जातो, तो त्यांच्यात तुलनेने कमी राहिला. पाच वर्षांनंतरही हा फरक टिकून होता. हे सरासरीचे निष्कर्ष आहेत आणि त्यावरून कोणा एका माणसाचे मोजमाप करू नये. परंतु तुमच्या भावाच्या बोलण्यातला जो कोरडेपणा तुम्हाला खुपतो, त्यात तुमच्यावरचा राग शोधू नका, एवढे मी त्यावरून निश्चित सांगेन.

हा कोरडेपणा येतो कुठून, हे समजून घेण्यासाठी त्याच्या पहिल्या काही महिन्यांकडे पाहावे लागेल. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी ज्या संस्थांमध्ये माणसाचे झोपणे, काम करणे आणि विरंगुळा हे सारे एकाच छताखाली व एकाच अधिकाराखाली चालते, अशा संस्थांचा अभ्यास केला होता आणि त्यांत लष्करी बराकीचाही समावेश होता. भरती झालेल्या मुलाचे केस कापले जातात, स्वतःचे कपडे जातात, दिवसाच्या प्रत्येक प्रहराचा ताबा दुसऱ्याकडे जातो. एकाची चूक झाली की अख्ख्या तुकडीला शिक्षा होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा अन्याय वाटतो, पण त्यातून एक गोष्ट हाडीमाशी रुजते : माझ्या ढिलाईची किंमत माझ्या शेजारच्याला मोजावी लागते. पहाऱ्याचेच पाहा. रात्रीच्या थंडीत किंवा पावसात उभ्या असलेल्या सैनिकाची पाळी संपते ती घड्याळाने नव्हे, पुढचा माणूस तिथे येऊन उभा राहिल्यावर. तो पाच मिनिटे उशिरा आला तर आधीचा माणूस पाच मिनिटे जास्त उभा राहतो, आणि त्या थकलेल्या पाच मिनिटांतच त्याची नजर चुकू शकते. तुमचा मुलगा उशिरा आला तेव्हा घराने पाहिला तो केवळ किरकोळ उशीर. तुमच्या भावाने कदाचित पाहिले ते हे की आपली वाट पाहणाऱ्यांची या मुलाला पर्वा नाही. त्याचा अर्थ चुकला, बोलणे तर निश्चितच चुकले, आणि त्याविषयी मी पुढे लिहिते. पण तो राग कुठल्या जागेतून आला हे तुम्हाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेच्या बोलण्यातही हेच घडले, असे मला वाटते. आपल्या घरांत निर्णय बोलता बोलता, चार दिशांनी फिरून, कोणाचे मन न दुखवता हळूहळू पिकतो. "बघू" या एका शब्दात संमती, भीती, पैशांची काळजी आणि टाळाटाळ हे सारे मावते. ज्याने 17 वर्षे काम, माणूस आणि वेळ या तीन गोष्टी ठरल्याशिवाय कोणतीच बैठक संपलेली पाहिली नाही, त्याला हे बोलणे म्हणजे आईच्या दुखण्याकडे केलेले दुर्लक्ष वाटले असेल. "कोण करणार" हा त्याचा प्रश्न तुम्हाला हुकूम वाटला. मला मात्र त्यात "मला सांगा, मी करतो" हे वाक्य ऐकू येते, जे त्याला उच्चारता आले नाही, कारण तिथे अशी वाक्ये उच्चारावी लागत नाहीत.

भिंतीला पाठ लावून बसण्याचे म्हणाल, तर ती जागा त्याला देऊन टाका. दार दिसत राहिले की त्याचे जेवणाकडे लक्ष लागते. त्यात कोणाचा अपमान नाही आणि ते दुरुस्त करण्याची घाईही नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात न लिहिताच दिसते. आपण "परत आला" असे सहज म्हणतो, पण तुमचा भाऊ प्रौढ माणूस म्हणून नागरी आयुष्यात कधी राहिलेलाच नाही. तो गेला तेव्हा घरातला लहान मुलगा होता. राहणे, जेवण, कपडे, बदली, बढती, कामाचे तास हे सारे त्यानंतर त्याच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवले, आणि त्याच वेळी इतरांच्या जिवाची जबाबदारी मात्र त्याने लहान वयात पेलली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेणारे समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांच्या अभ्यासात असे दिसले की कोवळ्या वयात, विशेषतः हलाखीच्या घरांतून, सैन्यात गेलेल्या अनेकांना त्या सेवेने नवी दिशा दिली, तर नोकरी व संसार मांडून झाल्यावर तिशीत गेलेल्यांच्या घडीची मोडतोड अधिक झाली. तुमचा भाऊ पहिल्या गटातला आहे आणि सेवेने त्याला पुष्कळ दिले असेल. मात्र अनेक सैन्यांत माणूस अशा वयात सेवामुक्त होतो की पुढे निम्मे आयुष्य शिल्लक असते. काल ज्याच्या शब्दावर माणसे हलत होती, त्याला आज अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे भाच्याला विचारावे लागते. हे किती बोचत असेल, याचा विचार घरात सहसा कोणी करत नाही.

आता त्या हसण्याविषयी. तुम्ही मत्सराचा उल्लेख प्रामाणिकपणे केलात, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लाखो सैनिकांच्या मनाची पाहणी करून घेतली. तिचे निष्कर्ष 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. आघाडीवरच्या सैनिकाला लढत ठेवणाऱ्या गोष्टींत मोठमोठ्या ध्येयांपेक्षा हातातले काम संपवून घरी जाण्याची ओढ आणि शेजारच्या माणसाला तोंडघशी न पाडण्याची जिद्द या गोष्टी कितीतरी पुढे होत्या. ज्यांची एरवी कधी गाठही पडली नसती अशा माणसांबरोबर तो झोपला, उपाशी राहिला, घाबरला आणि ती भीती त्यांच्यापासून लपवू शकला नाही. इतक्या उघड्या अवस्थेत माणसाला पाहणारे लोक आयुष्यात फार थोडे असतात. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे प्रबंध लिहून, घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणारी घराची ओढ हा एक आजार म्हणून मांडला होता, आणि पुढे परक्या सैन्यांत नोकरी करणाऱ्या स्विस सैनिकांच्या संदर्भात त्याची फार चर्चा झाली. तुमच्या भावाची ओढ उलट्या दिशेची आहे : तो घरात आहे आणि त्याचे मन पलटणीत आहे. तो युद्धासाठी झुरतो असे समजू नका; ज्यांच्यात काही समजावून सांगावे लागत नसे, अशा माणसांसाठी झुरतो. ही माणसे तुमची प्रतिस्पर्धी नाहीत. त्यांना वर्षातून एकदा नव्हे, वारंवार घरी बोलवा, आणि ते आले की चहापाणी देऊन तुम्हीही थोडा वेळ त्यांच्यात बसा. त्यांच्या तोंडून तुमचा भाऊ तुम्हाला जितका कळेल तितका त्याच्या तोंडून कळणार नाही.

आठ महिने तुम्हाला फार वाटतात, मला ते थोडे वाटतात. परतीच्या प्रवासाचाही मनावर परिणाम होतो, हे सैन्यांनी अनुभवाने ओळखले आहे. दुसऱ्या महायुद्धातून पुष्कळ सैनिक जहाजाने, आपल्या सोबत्यांबरोबर, आठवडेच्या आठवडे प्रवास करून परतले. व्हिएतनामहून अमेरिकी सैनिक मात्र बहुधा एकेकटे, विमानाने, दोन-तीन दिवसांत जंगलातून थेट घराच्या अंगणात पोहोचत असत. 1982 च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश रॉयल मरीन सैनिक कॅनबेरा या जहाजाने सुमारे दोन आठवड्यांचा प्रवास करून 11 जुलै रोजी साउदॅम्प्टनला आले, आणि त्या प्रवासात त्यांना आपल्या माणसांबरोबर बोलायला, रडायला, गप्प बसायला अवधी मिळाला. कॅनडाने 2002 मध्ये अफगाणिस्तानातून परतणाऱ्या आपल्या सैनिकांना घरी पाठवण्यापूर्वी मुद्दाम काही दिवस ग्वाम बेटावर थांबवले. ही एका मोहिमेनंतरची सोय झाली. तुमच्या भावाने 17 वर्षे मागे सोडली आहेत. त्याला हा मधला मुक्काम कोणी दिला नाही, तो आता घरातच करावा लागणार आहे.

युद्धाच्या गप्पांनीही तो चिडतो आणि सैन्याच्या निंदेनेही चिडतो, यात तुम्हाला विसंगती वाटते. मला ती सैनिकाच्या दृष्टीची सर्वांत खरी खूण वाटते. पहिल्या महायुद्धात सिगफ्रीड ससून या शौर्यपदक मिळवलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1917 मध्ये, हे युद्ध थांबवण्याचे सामर्थ्य असलेले लोकच ते मुद्दाम लांबवत आहेत, असे जाहीर निवेदन केले. त्याला स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात पाठवले गेले. तिथे डॉक्टर रिव्हर्स यांच्याशी त्याचे दीर्घ बोलणे होत राहिले, आणि अखेर तो स्वतःच्या इच्छेने पुन्हा सेवेत गेला, कारण आपली माणसे अजून तिथे आहेत हे त्याला सहन होत नव्हते. युद्धाविषयीचे मत आणि माणसांविषयीची निष्ठा या दोन गोष्टी एकाच छातीत अशा एकत्र राहतात. म्हणून पाहुण्यांसमोर त्याला शौर्याची कथा सांगायला लावू नका, "तू कोणाला मारलेस का" हा प्रश्न तर कोणालाही विचारू देऊ नका. "तुझ्या तुकडीत स्वयंपाक कोण करायचा", "तुला पहिल्यांदा काम शिकवणारा हवालदार कसा होता" असे माणसांविषयीचे प्रश्न विचारा, आणि तेही समोरासमोर बसून नव्हे, एखादे काम दोघे मिळून करत असताना.

चार माणसांत तो गप्प बसतो, यामागे एक साधे कारण असू शकते आणि ते आधी तपासून घ्या : त्याला नीट ऐकू येते का? गोळीबाराच्या, स्फोटांच्या आणि इंजिनांच्या आवाजाने कानाचे कायमचे नुकसान होते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सेवाजन्य विकारांत कानात सतत आवाज येणे आणि ऐकू कमी येणे यांचे प्रमाण सर्वाधिकांपैकी आहे. अशा माणसाला शांत खोलीतले बोलणे कळते, पण एकाच वेळी पाच जण बोलू लागले की शब्द वेगळे करता येत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा "काय म्हणालात" असे विचारण्यापेक्षा तो कोपरा गाठतो. कानाच्या डॉक्टरांकडून श्रवण चाचणी करून घेणे सोपे आहे आणि त्यात त्याला कमीपणाही वाटणार नाही.

याउपर जे उरते त्यातले आजाराचे लक्षण कोणते, हेही ओळखता आले पाहिजे. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, हे निदान मनोविकारशास्त्रात 1980 मध्ये अधिकृत झाले. अमेरिकेत त्याच दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत, व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 15 टक्के त्या वेळी या विकाराने त्रस्त होते आणि आयुष्यात कधी ना कधी त्रस्त झालेले सुमारे 30 टक्के होते. म्हणजे बहुसंख्य सैनिक आजारी नसतात, पण बदललेले जवळजवळ सर्वच असतात, आणि घरच्यांनी या दोहोंची गल्लत करू नये. तुमच्या पत्रातल्या गोष्टींवरून मला तो आजारी वाटत नाही. परंतु पत्रावरून निदान करणे हे माझे काम नाही. वारंवार दचकून जागे होणे, त्याच त्या प्रसंगाची दृश्ये दिवसाही डोळ्यांसमोर येणे, काही जागा किंवा विषय कटाक्षाने टाळणे, क्षुल्लक आवाजाने अंगावर काटा येणे हे एक महिन्याहून अधिक काळ चालू असेल आणि त्यामुळे काम, झोप, नाती बिघडत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. आघातावर केंद्रित असे बोलण्याचे उपचार यावर खरोखर उपयोगी पडतात, काही औषधांचीही मदत होते. कधीकधी भीतीपेक्षा अपराधाचे ओझे अधिक जड असते : आपण केलेल्या, किंवा करायला हवे असून न केलेल्या गोष्टीचे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करताना या नैतिक जखमेकडे लक्ष वेधले, आणि ती केवळ झोपेच्या गोळीने भरत नाही. तो एकटाच पीत बसू लागला, "माझा आता काय उपयोग" अशा अर्थाचे बोलू लागला, तर "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का" असे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होय असेल, तर त्याला एकटे ठेवू नका, घरात शस्त्र असेल तर ते दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आईच्या शस्त्रक्रियेची जबाबदारी त्याच्याकडे पूर्णपणे सोपवा. डॉक्टरांची निवड, तपासण्या, रुग्णालयात रात्री थांबणे, नंतरचे व्यायाम हे सारे त्याच्याकडे द्या आणि मध्ये मध्ये "झाले का" म्हणून पाठीशी लागू नका. घराला त्याची गरज आहे हे त्याला भाषणाने पटणार नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र तुम्ही ठाम राहा. सैन्यातली शिस्त मोठ्या माणसाने स्वतः पत्करलेली असते. 14 वर्षांच्या मुलाने ती पत्करलेली नाही. भावाला एकटे गाठून सांगा की मुलाला वेळेचे महत्त्व जरूर शिकवावे, पण चारचौघांत त्याचा पाणउतारा या घरात चालणार नाही, आणि झाल्या गोष्टीविषयी त्यानेच मुलाकडे जाऊन बोलावे. स्पष्ट शब्दांत सांगितलेली मर्यादा त्याला आडून दिलेल्या टोमण्यांपेक्षा कितीतरी सोपी जाईल. मुलाला पहाऱ्याची ती पाच मिनिटे समजावून सांगा. 14 व्या वर्षी हे नीट कळते.

राहिले बाबांचे. त्याच्या त्या मौनात उदासीनता असेल असे मला वाटत नाही. आपण तिथे नव्हतो, मग विचारण्याचा आपल्याला अधिकार काय, असे त्याला वाटत असण्याची शक्यता मोठी आहे. या 17 वर्षांत तुम्हीही बदललात, घर तुम्ही सांभाळलेत, बाबांचे आजारपण काढलेत, आणि यातले त्याने काहीच पाहिलेले नाही. त्याने विचारण्याची वाट पाहू नका. एखाद्या निवांत संध्याकाळी त्या शेवटच्या दिवसांत काय घडले, कोण कोण आले होते, बाबा त्याच्याविषयी काय म्हणाले, तुम्हाला त्याचा राग आला होता का, हे त्याला क्रमाने सांगा. तो मध्ये काही विचारील तर उत्तर द्या, आणि त्याने काहीच विचारले नाही तरी सांगणे अर्ध्यावर सोडू नका.